सिंधुआत्याच्या लग्नाची कॅसेट

नांदेड, ५ ऑगस्ट २०१०

सिंधुआत्या,

पायावर डोकं ठेवते आणि सरळ कामाचंच बोलते, कारण तुला माहीतच आहे, मला दम निघत नाही. तुझ्या लग्नाची कॅसेट मला पाहिजे.

फोनवरच बोलले असते. पण मागच्या वेळी तू नुसतं "हं, हं, बरं" करून ठेवून दिलास. लातूरला एका खोलीत शिवमचा अभ्यास, तू तोंड उघडलंस की तो पेन आपटतो, आणि गॅलरीत बाकीच्या पोरांच्या आया कान लावून बसलेल्या. त्यापेक्षा मी वसतिगृहात असताना आपली पत्रं चालायची तसंच बरं. तेव्हा तुझं पत्र मी उशीखाली ठेवायची. आता तू माझं डाळीच्या डब्यामागं ठेव.

तर ऐक. आलोकच्या आई परवा विचारत होत्या, मांडवात तुझ्या आईवडिलांचा फोटो लावायचा ना, मग दे, मोठा करून आणू. दादांचा एक आहे, सोसायटीच्या कार्डावरचा, तू जपून ठेवलेला. आईचा? मी म्हटलं, आहे, देते. थाप मारली गं आत्या! भूकंपात घरच गेलं तिथं फोटो कुठून येणार? मी तीन वर्षांची. मला आईचा चेहरा आठवत नाही. डोळे मिटले की एक पदर तेवढा दिसतो, आणि तोही कुणाचा असेल देव जाणे. हे मी आजपर्यंत कुणाला बोलले नाही, आलोकलासुद्धा नाही.

पण तू कायम म्हणतेस, "गंगावहिनी होती ना माझ्या लग्नात, मांडव तिच्यामुळंच उभा राहिला." शूटिंगवाला किशनमामांच्या घरच्यांनी उदगीरहून आणला होता, म्हणून तर कॅसेट देवणीला तुमच्याकडं राहिली आणि वाचली. म्हणजे आई त्यात असणारच की! तुम्ही भाड्यानं व्हीसीआर आणून ती बघितलीत तेव्हा मी वसतिगृहात होते. मी एकदाही बघितली नाही.

आणि आता माझं कामच ते आहे. क्लासमध्ये सरांची लेक्चरं रेकॉर्ड करायची, जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवायच्या, डीव्हीडी काढून गावोगावच्या पोरांना पाठवायच्या. परक्यांचं एवढं करते, आपलं एक नाही होणार?

लग्न डिसेंबरात. मला एक चेहरा पाहिजे, बाकी काही नको. लवकर पाठव.

तुझी,
वर्षा

०

लातूर, १४ ऑगस्ट

चि. वर्षाराणीस, होणाऱ्या नवरीस, आत्याचे खूप आशीर्वाद.

पत्र मिळालं. डाळीच्या डब्यामागं न्हाई ठेवलं, डाळ रोज काढावी लागती. हळदीच्या बरणीखाली हाय.

इथं आमचं चाललंय तेच. शिवम पहाटं उठतो, क्लासला जातो, येतो, जेवतो, पुन्हा जातो. मी पोळ्या करते. या बिल्डिंगीत सगळ्या आयाच हाईत, एक चाकूरची, एक शिरूर अनंतपाळची, एक पार उमरग्याची. नवरे तिकडं शेतात, आम्ही इकडं लेकरांच्या मागं. पोरं क्लासला गेली की गॅलरीत बसून एकमेकींच्या पोरांचे टक्के काढायचे. मला तर बसवत न्हाई. उठते, ओटा पुसते, पुन्हा बसते. तुझ्या मामाला तिकडं कोण करून घालतंय, म्हशीला येळेवर पाणी दिलं का, जीव निस्ता टांगणीला.

कॅसेटीचं म्हणशील तर ती देवणीला ट्रंकेत हाय, लुगड्यांच्या खाली. आता इतक्या वर्षांनी चालती का न्हाई कुणाला माहीत. तू मशीन लावशील आन् फाटली बिटली तर? आन् मला एक सांग, फोटो न्हाई म्हणून कुणाचं लग्न अडलंय का? माणूस न्हाई त्याच्या जागी सुपारी ठेवतेत. हळदकुंकू लावायचं, नाव घ्यायचं, झालं. तुझ्या सासूला म्हणावं आमच्याकडं अशीच रीत हाय.

शिवमची टेस्ट झाल्यावर बघू म्हणत होते. पण तुझ्या मामाजवळ मी चुकून बोलले आन् हा माणूस लगेच ट्रंक उघडून बसला. एरवी चार येळा सांगावं तवा हलतो. नांदेडच्या गाडीत कंडक्टरजवळ देतो म्हणला. येईल तुझ्याकडं.

लई आस लावून बसू नको, येवढंच सांगते. पोटभर जेवत जा. लग्नाच्या तोंडावर पोरी हाडकुळ्या होतेत.

आत्या

०

नांदेड, २९ ऑगस्ट

आत्या,

कॅसेट आली! पण काय अवतार होता तिचा! तुझ्या लुगड्यांतल्या डांबरगोळ्यांचा वास आणि खिडकीतून बघावं तर रिळावर पांढरी बुरशी, लोणच्यावर येते तशी. तशीच मशीनमध्ये घातली असती तर बुरशी व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, चढली असती, आणि मग सरांनी मलाच बाहेर काढलं असतं. म्हणून आधी स्क्रू काढून डबी उघडली. मऊ फडकं घेऊन, हातानं रीळ फिरवत, सगळी टेप पुसून काढली. बोटं भरून आली. जुन्या डबीचं झाकणही मोडलं होतं, तर ते रीळ क्लासच्या एका रिकाम्या कॅसेटीत बसवलं. तिच्यावर लेबल आहे "सेंद्रिय रसायनशास्त्र, भाग ४". तर तुझं लग्न सध्या सेंद्रिय रसायनशास्त्रात चाललंय, मामांना सांग.

लावली. नुसत्या मुंग्या. हेड स्पिरिटनं पुसलं. मग चित्र आलं, पण माणसं खालून वर सरकतच राहिली, डोकं खाली आणि पाय वर. ट्रॅकिंगचं बटण फिरवून फिरवून एका जागी उभी केली. तर टीव्हीवर दिसतंय आणि कॉम्प्युटरवर निळा पडदा! सिग्नल जरा कमजोर झाला की चित्र कॉम्प्युटरवर चढवणारं कार्ड हातच वर करतं. दुसरी वायर आणली. आता चित्र आलं तर काळंपांढरं. माझ्या आईच्या साडीचा रंगसुद्धा दिसू नये का? डोकं फिरलं नुसतं. शेवटी कळलं की कार्ड अमेरिकेच्या पद्धतीवर लावून ठेवलं होतं कुणीतरी. ते आपल्याकडच्या पद्धतीवर आणलं आणि एकदम रंग! सगळ्यात आधी काय दिसलं असेल? फेटे. पुढचा सगळा वेळ फेटेच फेटे. तुमच्या शूटिंगवाल्याला बायकांचं वावडं होतं का?

पुढं जायच्या आतच टेप कुरकुरली आणि थांबली. मध्ये सुरकुती आहे. ती हळूहळू ताणून सरळ करावी लागणार, घाई केली तर तुटेल. आणि सरांना मशीन पाहिजे, नवी बॅच सुरू झाली. मी दिवसभर त्यांची लेक्चरं चढवते आणि डोळा त्या डबीवर. आई त्यात आहे आणि मी बाहेर बसून आहे असं वाटतं. जेवण जात नाही, खरंच सांगते.

वर्षा

०

लातूर, ९ सप्टेंबर

वर्षे,

जेवण जात न्हाई म्हणजे काय? आलोकला सांगू का मी?

हे बघ, कुरकुरती तर राहू दे तिला. जुनी झालीय बिचारी. काय काय सोसावं तिनं? तू तुझ्याकडून केलंस, बुरशी पुसलीस, पुष्कळ झालं. सुरकुती ताणून ताणून तुटली तर माझं लग्नच तुटलं म्हणीन मी.

गौरी जवळ आल्या. या दिवसांत मला एका जागी बसवत न्हाई. त्या वर्षी लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला मी माहेरी आले, परत जाताना तू गळ्याची मिठी सोडंना. वहिनी म्हणली, न्या दोन दिवस, करमंल तुम्हाला. तुला कडेवर घेऊन मी देवणीची गाडी धरली. गणपतीचं विसर्जन झालं आन् त्याच पहाटं सगळं गेलं, दादा, वहिनी, माझी आई. तू माझ्याजवळ झोपलेली होतीस. मागं वळून बघ म्हणून सांगितलं होतं का तुला मी, का न्हाई, आता आठवत न्हाई. वहिनी येशीपाशी हुबी होती.

जाऊ दे. तू सुपारीचं मनावर घे. चांगली मोठी, चिकणी सुपारी मी आणून ठेवते.

शिवमला बायोलॉजीत कमी पडले. दोन दिवस माझ्याशी बोलला न्हाई, जसं काय पेपर मीच काढला होता.

आत्या

०

नांदेड, २१ सप्टेंबर

आत्या, आत्या, आत्या!

सापडली. आई सापडली!

सुरकुती निघाली, टेप चालली. तुझी पाठवणी आहे ना, बैलगाडीजवळची, तिथं. पोपटी साडी, नाकात मोठी नथ, तुझा हात सोडायलाच तयार नाही. तू रडतेस त्याच्या दुप्पट ती रडतेय. बाकीच्या बायका तिला धरून मागं ओढतायत. एवढी कोण रडणार नणंदेसाठी? मी बघितलं आणि एकदम म्हटलं, हीच. खुर्चीवरून उठलेच मी. शेजारच्या खोलीत सर शिकवत होते, ते दार उघडून बघायला आले की काय झालं.

माझी हनुवटी तशीच आहे गं! आरशात जाऊन बघून आले. मी इतकी वर्षं उगाच घाबरत होते की बघितलं आणि ओळखता नाही आलं तर?

ते चित्र थांबवून फोटो काढला, मोठा केला, काच लावून आणला. एक तुला पाठवतेय सोबत. दुसरा आलोकच्या आईंना नेऊन दिला. त्यांनी लगेच चंदनाचा हार घातला आणि दादांच्या फोटोशेजारी लावलासुद्धा. मी तिथं त्यांच्यासमोर ढसाढसा रडले. चांगल्या आहेत त्या, पाठीवरून हात फिरवला.

आता फक्त एक लाजेची गोष्ट काढून टाकायची राहिली. ते मला झगा काढून नागडी पळाली म्हणून चिडवता ना तुम्ही सगळे, ते आहे त्यात! जेवणाची पंगत बसलीय आणि मी मध्येच उभी, नवाकोरा लाल झगा डोक्यातून काढून टाकते आणि तशीच कॅमेऱ्याच्या बाजूनं पळत सुटते. मागं पंगतीतले सगळे हसतायत. देवा! दिवाळीनंतर आलोकच्या घरी सगळे मिळून ही डीव्हीडी बघणार आहेत. तेवढा तुकडा मी कापून टाकणार. कुणाला कळणारही नाही. आवाजाचीही अडचण नाही, शूटिंगवाल्यानं सगळीकडं सनई आणि लग्नाची गाणी चढवून ठेवलीत, माणसाचा एक शब्द ऐकू येत नाही.

आज पोटभर जेवले. दोन वेळा.

तुझी वर्षा

०

लातूर, २५ सप्टेंबर

वर्षा,

फोटो भिंतीवरून काढ. हार आधी काढ. ती साखराबाई हाय, माझ्या शेजारची मैत्रीण. चाकूरला असती. जित्ती हाय. मागच्या महिन्यात तिच्या सुनेचं बाळंतपण झालं.

फोटो बघून मी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, मोठ्यानं वरडलेच. चाकूरवाली बाई धावत आली. तिला काय सांगू? तुमच्याच गावच्या बाईला आमच्या पोरीनं हार घातला म्हणून?

आता सांगावंच लागतंय तर ऐक. तुझी आई त्या कॅसेटीत न्हाई. कुठंच न्हाई, पुन्हा पुन्हा लावून बघू नको. ऐन हळदीच्या दिवशी तिला कावळा शिवला. लग्नाचं घर, देवक बसलेलं. तुझ्या आजीनं गोठ्यात पोतं टाकून दिलं आन् चार दिवस बाजूला बसवलं. तेव्हा असंच होतं, आमच्याकडं जरा जास्तीच होतं. पण वहिनी गप बसणारी व्हती का? तिथून, म्हशीच्या शेजारून, वरडून वरडून तिनं सगळं लग्न पार पाडलं. कोठीच्या चाव्या कुणाला, भात किती शिजवायचा, वरमाईचं ताट कुठलं. मांडव तिच्यामुळं उभा राहिला म्हणते ते खोटं न्हाई. ती लग्नात व्हती. कॅमेऱ्याम्होरं नव्हती.

मी पाटावर बसलेले, अंगाला हळद. मी गोठ्याकडं बघायचं न्हाई म्हणून आईनं सांगितलेलं. मी बघितलं न्हाई.

तुला कसं सांगायचं होतं? तू म्हणायचीस, आत्या, आई दिसती का गं त्यात, मी म्हणायची, व्हती ना ती. लेकरू खूश व्हायचं. मशीन घरात न्हाई, कॅसेट ट्रंकेत, मला वाटलं राहील तशीच.

आता रागावशील. रागाव. पण हार काढ आधी.

आत्या

०

नांदेड, १ ऑक्टोबर

सिंधुआत्या,

हार काढला. आलोकच्या आईंना काय सांगितलं ते विचारू नकोस. त्यांनी हार उचलून कपाटात ठेवला, तेच जास्त लागलं.

मी तुझ्यावर चिडलेय. चारदा "राहू दे" म्हणालीस, एकदा "नाही" म्हणता आलं नाही? मी बोटांनी बुरशी पुसत होते आणि तू तिकडं सुपाऱ्या निवडत होतीस! आणि गोठ्यात? घरच्या थोरल्या सुनेला, स्वतःच्या नणंदेच्या लग्नात, म्हशीच्या शेजारी? आणि तुम्ही सगळ्या बायका पंगतीत बुंदी वाढत होता. एकीलाही काही वाटलं नाही?

कॅसेट परत पाठवते. माझं काम संपलं.

वर्षा

०

लातूर, १८ ऑक्टोबर

चि. वर्षास,

दसरा झाला, तुझं पत्र न्हाई. कॅसेटबी आली न्हाई. फोन लावला तर आलोकनं उचलला, म्हणला कामात हाय. बरं.

तू विचारलंस, एकीला तरी वाटलं का. साखराबाईला वाटलं होतं. तिनं ताट नेऊन दिलं गोठ्यात, पार जवळ जाऊन. तिला बोलणी बसली. तू तिला हार घातलास, त्याचं मी तिला फोन करून सांगितलं. हसली लई. मग रडली. म्हणली, पोरीला म्हणावं लग्नाला मी येणार हाय, तवा गळ्यातच घाल.

मला वाटलं का, ते मला सांगता येत न्हाई. मी नवरी होते. येवढंच खरं.

तुझा राग माझ्यावर निघू दे. पण पत्र टाक. इथं कुणाच्या दारात पोस्टमन थांबला की मी पोळी तव्यावर सोडून बघायला जाते. शिवमनं परवा करपलेली खाल्ली.

आत्या

०

नांदेड, ८ नोव्हेंबर

आत्या,

तव्यावर पोळी असेल तर आधी काढ आणि खाली बसून वाच.

मी कॅसेट परत पाठवली नव्हती. पाकिटात घातली, पत्ता लिहिला, आणि टेबलावर तशीच पडली. तुझं पत्र आलं तरी मी उत्तर दिलं नाही, तोंडच होत नव्हतं. मग दिवाळीच्या आधी सरांनी बंद पडलेल्या एका व्हिडिओ लायब्ररीतून दुसरं मशीन आणलं, आपल्याकडच्यापेक्षा भारी, कारण आपल्या व्हीसीआरचा पट्टा गेला. त्यावर बघायला म्हणून हाताशी होती ती कॅसेट घातली. तुझीच. कुठून तरी मधूनच सुरू झाली.

गाणी नव्हती.

मला वाटलं आवाज गेला. नाही. भांडी वाजत होती. कुणीतरी खोकलं. म्हैस ओरडली. मी वायरी काढून बघितल्या, पुन्हा लावल्या. पुन्हा म्हैस! मग लक्षात आलं. हे बघ, कॅसेटीत आवाज दोन जागी लिहिलेला असू शकतो. एक टेपच्या काठाला, लुगड्याच्या काठासारखी बारीक पट्टी असते तिथं. साधं मशीन तेवढीच वाचतं. पण कॅमेरा भारी असला तर तो टेपच्या पोटातसुद्धा, चित्राच्या खाली, तोच आवाज लिहून ठेवतो. तुमच्या उदगीरवाल्याचा कॅमेरा भारी होता. त्यानं नंतर गाणी चढवली ती फक्त काठावर. पोटातला आवाज तो पुसू शकला नाही, त्याला पुसताच येत नाही. तो आहे तसाच राहिला.

आत्या, पंगतीच्या वेळी कॅमेरा गोठ्यापाशी उभा होता. बॅटरीची वायर लावायला विजेचा बोर्ड तिथंच असणार. त्यामुळं सगळ्या लग्नात सगळ्यात जवळचा आवाज एकाच बाईचा आहे. इतका जवळचा, की मी मान वळवून मागं बघितलं.

"वरणाला फोडणी राहिली का काय गं?"

"जावईबापूच्या ताटात पुन्हा वाढा, ते लाजतेत."

"ए फोटोवाले भाऊ, हिकडं फिरवू नका बरं का. मी बाजूला बसलेय."

आणि तो म्हणतो, "नाही फिरवत, वैनी."

किती शहाणा माणूस! एकदाही फिरवला नाही. मी त्या कॉम्प्युटरला दोन्ही हातांनी धरून म्हणत होते, फिरव रे, फिरव, एकदा फिरव.

मग मी येते. लाल झगा. पंगतीच्या मधून वाट काढत कॅमेऱ्याकडं येते आणि थांबते. आजपर्यंत वाटायचं मी शूटिंगवाल्याकडं बघून हसतेय. नाही गं. माझे डोळे कॅमेऱ्याच्या जरा बाजूला आहेत, खाली, कुणीतरी बसलंय तिथं. आणि तो आवाज एकदम बारीक होतो, दुसराच होतो, आणि भाषाही बदलते. मी ऐकून ऐकून लिहून काढलंय:

"बंगारी, बा इल्ली. अंगी बिच्ची बा. बा."

मग मी तो झगा काढते आणि पळते, चित्रातून बाहेर. उकडत असेल. नंतर बांगड्या वाजतात आणि मी खिदळते, आणि मग कट.

आई औरादच्या पलीकडची, कानडी बोलायची हे तू सांगितलं होतंस. इथं क्लासमध्ये कानडी येणारं कुणी नाही. आणि मला दुसऱ्या कुणाला विचारायचंही नाही. सोबत डीव्हीडी आहे. ही गाणी नसलेली. घरमालकाच्या टीव्हीवर लाव. आवाज तिचाच आहे ना ते आधी सांग. मग ती काय म्हणतेय ते सांग. लवकर, आत्या. मी रागावलेली नाही. नाही म्हणजे आहे, पण ते नंतर.

वर्षा

०

लातूर, १४ नोव्हेंबर

माझ्या वर्षे,

तिचाच हाय.

घरमालकीणबाईकडं लावली. सगळ्या आया जमल्या, मी नको म्हणले तरी. पहिली म्हैस वरडली आन् मी म्हणले ही आमची चांदी. मग वहिनी बोलली. राणी, मी उठून टीव्हीच्या मागं बघायला गेले. येडी झाले होते. सतरा वर्षांत मला वाटायचं मी तिचा आवाज इसरले. न्हाई इसरले.

आता नीट वाच. बंगारी म्हणजे सोन्या. ती तुला तेच म्हणायची, वर्षाराणी हे तुझ्या आजीनं ठेवलेलं. बा इल्ली, हिकडं ये.

अंगी बिच्ची बा म्हणजे, अंगातला झगा काढून ये.

बाजूला बसलेल्या बाईला लेकरू शिवलं तर त्याच्या कपड्याला विटाळ होतो. मग ते कपडे भिजवायचे, लेकराला आंघोळ, वर आजीची बोलणी. पण नागड्या लेकराला विटाळ न्हाई. अंगावर काही नसलं तर आईला बिलगायला कुणाची ना न्हाई. आमच्या सगळ्यांच्या घरात हेच होतं. तू हळदीपासून तिच्या आजूबाजूला फिरत असशील, तिला जवळ घेता येत नसंल. झगा नवा, तुझ्या आजीनंच माझ्या लग्नासाठी शिवलेला. म्हणून ती म्हणली, काढून ये.

तुला उकडत नव्हतं. तुझी आई तुला मांडीवर घ्यायला बोलवून राहिली होती.

आन् आम्ही सगळे हसलो. दर दिवाळीला हसलो, नागडी पळाली नागडी पळाली. तुझा मामा तर नक्कल करून दाखवायचा. त्याला काल फोनवर सांगितलं. म्हणला, मी म्हशीला पाणी दाखवून येतो.

उमरग्याची बाई डोळे पुसत म्हणली, पुन्हा लावा. चाकूरवालीनं लावली. त्या बांगड्या वाजतेत ना, त्या माझ्या चुड्याच्या जोडीच्या. दोघींनी एकाच कासाराकडून भरलेल्या.

तो तुकडा कापलास का गं? कापला असशील तर मला सांगू नको. पण न्हाई ना कापला?

तुला फोटो पाहिजे होता. मला विचारशील तर झगा हातात घेऊन तू जिथं हुबी हाईस, तो काढ. ती काय बघत व्हती ते तरी सगळ्यांना दिसंल. सुपारीबी ठेवू शेजारी.

आन् एक. तुझ्या लग्नात कुणाला कावळा शिवो न्हाईतर घार शिवो, कुणी बाजूला बसायचं न्हाई. मी तुझ्या सासूला तसं पत्र लिहिणार हाय. तिला काय वाटायचं ते वाटू दे.

तुझी आत्या

०

नांदेड, २५ नोव्हेंबर

आत्या,

नाही कापला.

तुझं पत्र मी कपाटाच्या दाराआड उभी राहून वाचलं. मग सरांना सांगितलं डोकं दुखतंय, आणि घरी जाऊन तो लाल झगा काढायचा तुकडा लावून बसले. खूप रडले. चांगलं रडले.

काल आलोकच्या घरी सगळे बसलो होतो. आलोकचे काका, काकू, शेजारचेही आले. मी आधी गाणी असलेली लावली. फेटे झाले, पंगत आली, मी झगा काढून पळाले आणि सगळी खोली हसली. आलोक तर सोफ्यावरून खालीच आला. मीही हसले त्यांच्याबरोबर. मग म्हटलं, थांबा, आता एकदा गाण्याशिवाय बघा. आणि ती काय म्हणते, का म्हणते, ते आधीच सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, पण सगळं सांगितलं, गोठा, पोतं, सगळं.

या वेळी कुणी हसलं नाही. आलोकच्या आई शाळेत शिकवतात, फार बोलत नाहीत, तुला माहीत आहे. तुझं पत्र त्यांना पोचलंय, त्यांनी ते देवघरात ठेवलंय, पण माझ्याजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. त्या उठल्या. मला वाटलं आत निघाल्या. त्या टीव्हीजवळ जाऊन, अगदी पुढ्यात, खाली फरशीवर बसल्या.

"पुन्हा लाव," म्हणाल्या, "आणि आवाज वाढव."

तुझी बंगारी